मसल कारचे ब्रेक: बूस्टर मागवण्याआधी व्हॅक्यूम मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांचं जे सदर येतं, त्यात एका वाचकाने विचारलं होतं की जुन्या अमेरिकन मसल कारला, म्हणजे जोरकस इंजिनाच्या गाडीला, मूळचे साधे, म्हणजे नुसत्या पायाच्या जोरावरचे मॅन्युअल ब्रेक ठेवावेत की पायाला मदत करणारे पॉवर ब्रेक बसवावेत. उत्तर चार ओळींचं होतं. आजच्या काळात पॉवर ब्रेकच हवेत, साधे ब्रेक धोक्याचे, तयार किट मिळतो, तो बसवून टाका. हे कात्रण माझ्या बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर मला आणि तिच्या मुलाला एकदमच पाठवलं. मुलगा ओहायोत नोकरीला आहे आणि मागच्या वर्षी त्याने १९६८ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ घेतली आहे. त्याच रात्री त्याचा फोन आला, "मावशी, पेपरात आलंय, मग मागवू ना किट?" मी त्याला म्हटलं, थांब. आणि हे पत्र लिहायला बसले.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला रॉयल ओक इथे गेली २४ वर्षं राहते. पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे. आठवडाभर लोकांचे गुडघे, खुबे, कंबर, आणि शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये आमची १९६६ ची शेव्हरले शेव्हेल एसएस ३९६. गाडी यजमानांनी हौसेने आणली, पण तिच्या खाली पाठीवर झोपून काम करायची गोडी मलाच लागली. ब्रेकच्या बाबतीत या गाडीने मला जे शिकवलं ते आपल्या वाचकांपर्यंत जावं असं मनापासून वाटतं, कारण त्या चार ओळी वाचून कुणी किट बसवला आणि त्याच्या इंजिनाला तो मानवला नाही, तर त्याचा पाय ऐनवेळी दगडावर पडल्यासारखा पडेल. माझा पडला होता.

आमच्या गावातून वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू जातो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून, २०२० सोडलं तर दर वर्षी. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅक गावापर्यंत रस्ता जुन्या गाड्यांनी भरून जातो, कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि गाड्या मुंगीच्या पावलाने पुढे सरकतात. शेव्हेल घेतली त्याच वर्षी मी ती तिथे नेली. आधीच्या मालकाने तिला पुढे डिस्क ब्रेक आणि व्हॅक्यूम बूस्टर बसवले होते, आणि इंजिनात मोठा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टाकला होता. घराजवळच्या रस्त्यांवर ब्रेक अगदी लोण्यासारखे लागायचे, त्यामुळे मी निर्धास्त होते.

गर्दीत गाडी ड्राइव्हमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गिअर पुढे जाण्यावर, आणि आयडलिंगवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता. सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. पहिल्यांदा ब्रेक दाबला, लागला. लगेच दुसऱ्यांदा दाबला, लागला, पण पेडल जरा जड वाटलं. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा पेडल वरच्या वर अडलं. खाली जाईचना. समोर उघड्या टपाची गाडी, तिच्या मागच्या सीटवर दोन मुलं आमच्याकडे तोंड करून हात हलवत होती. मी दोन्ही पाय पेडलवर घालून पाठ सीटला रेटली आणि गिअर न्यूट्रलला टाकला. गाडी थांबली तेव्हा दोन बंपरांमध्ये वीतभर जागा होती. ती मुलं हात हलवतच होती. मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ माझी पोटरी थरथरत होती.

आता हे झालं का, ते सांगते. बूस्टर म्हणजे ब्रेक पेडल आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) यांच्यामध्ये बसवलेला मोठा गोल पत्र्याचा डबा. आत रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं, दुसऱ्या बाजूला पेडल दाबताच बाहेरची हवा आत येते, आणि ती पडद्याला पुढे ढकलते. मदत करते ती ही बाहेरची हवा, आणि ती किती मदत करणार हे इंजिन किती व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, देतं त्यावर ठरतं. ९ इंच व्यासाच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ६३ चौरस इंच. इंजिनाने १८ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम दिला तर दर चौरस इंचाला जवळजवळ ९ पौंडांचा फरक पडतो, म्हणजे पडद्यामागे साडेपाचशे पौंडांची ताकद उभी राहते. तोच व्हॅक्यूम ८ इंचांवर आला, की ताकद अडीचशेवर येते. शिवाय इतक्या कमी व्हॅक्यूमवर डबा पुन्हा रिकामा व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात तुम्ही दुसरा-तिसरा ब्रेक मारलेला असतो.

कारखान्यातून निघालेलं साधं इंजिन आयडलिंगला १८-२० इंच व्हॅक्यूम सहज देतं. पण मसल कारवाल्यांना आवडतो तो उभ्या जागी गदगदणारा, धडधडणारा आवाज. तो येतो मोठ्या कॅममुळे. अशा कॅममध्ये आत घेणारा आणि बाहेर टाकणारा, दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहतात, आणि कमी वेगावर व्हॅक्यूम तिथेच फुटतो. आमच्या गाडीला मी गेज लावून पाहिलं. पार्कमध्ये ११ इंच. ड्राइव्हमध्ये टाकली, इंजिनावर गिअरबॉक्सचा भार आला, की काटा ८ वर. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला तर काटा भरपूर वर जायचा, म्हणून तिथे ब्रेक छान लागायचे आणि मला काही कळलंच नाही. म्हणजे बूस्टर ठीक होता, डिस्क ठीक होत्या, इंजिनही ठणठणीत होतं. तिघांची गाठ चुकीची बांधलेली होती.

माझं म्हणणं इतकंच आहे, संपादक महाराज. पॉवर की मॅन्युअल हे मागाहून ठरतं. आधी इंजिन काय देतं आणि चालवणाऱ्याचा पाय काय देतो, हे मोजायला हवं. आपल्या सदरात या दोन्हींचा एक शब्दही नव्हता.

मी मग मॅन्युअलला जायचं ठरवलं आणि जवळच्या एका गॅरेजला काम दिलं. त्यांनी बूस्टर काढला, जुनाच मास्टर सिलिंडर सरळ फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला, बसवला, पेडलची दांडी होती तशीच जोडली आणि गाडी दिली. पहिल्याच वळणावर मला समजलं की हे आधीपेक्षा वाईट आहे. पेडल जात होतं, पण गाडी थांबत नव्हती. त्यांचं म्हणणं, 'मॅन्युअल ब्रेक असेच असतात.' तसे ते नसतात. आणि पुष्कळ लोक असाच अर्धवट बदल करून घेतात, मग मॅन्युअल ब्रेकला नावं ठेवतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते.

ब्रेक पेडल ही एक तरफच आहे, पहारीने धोंडा उचलतो तशी. वर खिळ, जिच्यावर पेडल फिरतं, खाली पाय ठेवायची पट्टी, आणि मधे कुठेतरी मास्टर सिलिंडरची दांडी जोडलेली. खिळीपासून पट्टीपर्यंत १२ इंच आणि खिळीपासून दांडीपर्यंत २ इंच असेल, तर पायाचा जोर ६ पट होतो. दांडी ३ इंचांवर जोडली तर फक्त ४ पट. पॉवर ब्रेकला ४ पट पुरतो, कारण पुढे बूस्टर आहे. मॅन्युअलला ६ पट लागतो. जनरल मोटर्सच्या या काळातल्या मध्यम आकाराच्या गाड्यांच्या पेडलला त्यासाठी दोन भोकंच असतात, वरचं मॅन्युअलचं, खालचं पॉवरचं. आमची दांडी खालच्याच भोकात राहिली होती.

दुसरी गोष्ट मास्टर सिलिंडरच्या बोअरची, म्हणजे आतल्या व्यासाची. जुना होता एक इंच एक सूत, म्हणजे १.१२५ इंच. बोअर जितका मोठा तितकं ऑइल जास्त सरकतं, पण दाब कमी होतो. हिशोब करून बघा. पायाचा जोर ७५ पौंड धरा. ६ पट केला की ४५०, आणि एक इंच बोअरच्या सिलिंडरमध्ये दाब होतो दर चौरस इंचाला सुमारे ५७०. तोच पाय, पण ४ पट आणि एक इंच एक सूत बोअर, तर दाब फक्त ३००. निम्म्याला आला! माझा पाय तोच, गाडी तीच, ऑइल तेच. कुणी म्हणेल, मग सात सुताचा घ्या, दाब साडेसातशेवर जाईल. जाईल खरा, पण पेडल जवळपास तीस टक्के जास्त खाली जाईल, आणि मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) असतील तर पेडल जमिनीला टेकायचीही भीती. आमच्या गाडीला एक इंच बरोबर बसला.

तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती टेबलावर सापडली. नवा मास्टर सिलिंडर आणि जुना शेजारी ठेवून मी दोन्हींच्या मागच्या तोंडात पेन्सिल घातली. नव्या, मॅन्युअलच्या सिलिंडरच्या पिस्टनमध्ये पेन्सिल दीड-एक इंच आत गेली. जुन्या, पॉवरच्या पिस्टनमध्ये नुसती टेकली, नखाएवढा खळगा. बूस्टरची दांडी जागच्या जागी धरलेली असते, तिला उथळ खळगा चालतो. पण मॅन्युअलमध्ये पेडलची लांब दांडी त्या खळग्याच्या भरवशावरच असते. खळगा उथळ असेल, तर पेडल वर आलं की दांडी निसटून खाली पडू शकते, आणि मग पाय कितीही दाबा, पुढे काहीच नाही. गॅरेजमधून आलेली आमची गाडी मी त्या अवस्थेत तीन दिवस चालवली होती. पेन्सिल हातात धरून मी त्या स्टुलावर किती वेळ बसून होते कोण जाणे.

दांडी वरच्या भोकात, सिलिंडर एक इंचाचा खोल खळग्याचा, तो गाडीला लावण्याआधी टेबलावरच त्यातली हवा काढलेली, पुढे जास्त पकडीचे पॅड, आणि मग चारी चाकांची हवा काढली. एवढं केल्यावर गाडी थांबायला लागली. जोर लागतो, आजच्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त लागतो. पण पायाला सगळं कळतं. पावसात चाक अडकायच्या आधी पेडलमधून जी बारीक थरथर येते, ती बूस्टर असताना मला कधी लागली नव्हती. या गाडीत एबीएस नाही, चाक अडकू न देणं हे माझ्या तळपायाचंच काम आहे, म्हणून ती थरथर मला मोलाची वाटते.

ड्रमबद्दल थोडं. चारी चाकांना ड्रम असतील तर मॅन्युअल ब्रेक वाटतात तितके जड नसतात, कारण फिरता ड्रम पुढच्या शूला, म्हणजे आतून घासणाऱ्या पट्टीला, स्वतःच ओढून घेतो आणि तुमच्या जोरात भर घालतो. डिस्कला ही सवय नाही. तिला सगळा दाब तुम्हीच द्यायचा. म्हणून पुष्कळांना डिस्क बसवल्यावर 'ब्रेक जड झाले' असं वाटतं आणि ते बूस्टरकडे वळतात. ड्रमचं दुखणं वेगळं आहे, सतत वापरून तापले की पकड सुटते, आणि पाण्यातून गेले की काही वेळ लागतच नाहीत. डिस्क लावाव्यात या मताची मी आहे. फक्त ड्रमचा मास्टर सिलिंडर डिस्कला ठेवू नये. त्यात ड्रमच्या बाजूला सुमारे १० पौंड दाब अडवून धरणारी झडप असते, ती डिस्कच्या लाइनवर राहिली तर पॅड सतत घासत राहतात.

आता पॉवर ब्रेक कुणी घ्यावेत, हेही तितक्याच आस्थेने सांगते, कारण मी त्यांच्या विरोधात नाही. माझ्या यजमानांचा उजवा गुडघा बदलला आहे. त्यांना मी ही शेव्हेल चालवू देत नाही, आणि त्यावरून आमच्यात कटुता नाही. पेशंट मला विचारतात तेव्हा मी त्यांना एक साधी परीक्षा सांगते. खुर्ची भिंतीसमोर पक्की टेकवायची, बाथरूममधला वजनकाटा भिंतीला उभा लावायचा, आणि गाडीत बसतो तसं बसून उजव्या पायाने तो दाबायचा. ४५ किलो, म्हणजे १०० पौंड, तुम्ही पटकन दाबून तीन-चार सेकंद धरू शकता का? लागोपाठ दहा वेळा? दहाव्या वेळेला गुडघ्यात किंवा खुब्यात कळ येते का, कंबर वाकडी होते का? येत असेल तर मॅन्युअल ब्रेक तुमच्यासाठी नाहीत, मग तुम्ही पंचवीस वर्षांचे का असेना. मी ५६ वर्षांची आहे, उंची पाच फूट दोन इंच, मला जमतं. बायकांना मॅन्युअल ब्रेक झेपत नाहीत असं मला गाड्यांच्या मेळाव्यात अनेकांनी तोंडावर सांगितलं आहे. मी त्यांना वजनकाटा आणायला सांगते. घरातल्या ज्या ज्या व्यक्तीच्या हातात गाडी जाणार, त्या प्रत्येकाची ही परीक्षा घ्यावी. ब्रेक सगळ्यात अशक्त पायाला पुरले पाहिजेत.

पाय अशक्त आणि कॅम मोठा, अशी अडचण असेल तर वेगळे मार्ग आहेत. व्हॅक्यूमसाठी विजेवरचा पंप लावता येतो. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबावर चालणारा हायड्रोबूस्ट आहे, त्याला इंजिनाच्या व्हॅक्यूमशी देणंघेणं नाही. खर्च आणि नळ्यांचा पसारा वाढतो, पण तो प्रामाणिक उपाय आहे. नुसती व्हॅक्यूमची साठवण टाकी लावली तर एक-दोन दाब जास्त मिळतात, कमी व्हॅक्यूम देणारं इंजिन त्याने सुधारत नाही.

ज्यांच्याकडे बूस्टर आधीच आहे त्यांनी एवढं करून बघावं. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली बसलं, तर बूस्टर काम करतोय. मग गाडी गिअरमध्ये आयडलिंगवर ठेवून, मोकळ्या पटांगणात, लागोपाठ चार वेळा ब्रेक मारा. मला वुडवर्डवर गर्दीत जे कळलं ते तुम्हाला तिथे कळेल. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधली छोटी दांडी नेमकी किती बाहेर आहे तेही बघून घ्या. ती थोडी जरी लांब असली, तरी ऑइल परत जायची वाट बंद होते, ब्रेक स्वतःच लागत जातात, तापतात आणि शेवटी चाकं धरून बसतात.

आणि एक गोष्ट अशी आहे जिच्यात मॅन्युअल की पॉवर हा प्रश्नच येत नाही. १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत मास्टर सिलिंडर एकखणी असतो. एका चाकाची नळी फुटली, की चारी चाकांचे ब्रेक गेले. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियम क्रमांक १०५ ने १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी ब्रेक सक्तीचे केले, म्हणजे पुढचं गेलं तरी मागचं राहावं. आमच्या शेव्हेलच्या आधीच्या मालकाने बाकी काही चुकवलं असेल, पण दोन खणांचा सिलिंडर त्याने बसवला होता आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. ज्याच्याकडे एकखणी सिलिंडर आहे, त्याने पैसे असतील तर पहिले तिथे घालावेत. बूस्टर, चकचकीत कॅलिपर, सगळं त्यानंतर.

भाच्याला मी त्या रात्री दोन वस्तू आणायला सांगितल्या, व्हॅक्यूम गेज आणि वजनकाटा. शनिवारी त्याने फोन व्हिडिओवर धरून मला काटा दाखवला. त्याच्या जीटीओचा कॅम मूळचाच निघाला, ड्राइव्हमध्ये आयडलिंगला १७ इंच, काटा स्थिर. मग मी त्याच्या बायकोला वजनकाटा दाबायला लावला. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "मावशी, खुब्यात दुखतंय." गाडी तीही चालवणार आहे. म्हणून मी त्याला सांगितलं, बूस्टर घे, पण दांडी खालच्या भोकात जोडलीस याचा फोटो मला पाठव.

पुढच्या एखाद्या रविवारी त्या सदरात निदान व्हॅक्यूमचा आकडा, पेडलची दोन भोकं आणि पिस्टनचा खळगा, एवढं तरी छापावं, ही कळकळीची विनंती. जागा कमी असेल तर माझ्या पत्रातलं बाकी सगळं गाळा, पण पेन्सिलीची गोष्ट गाळू नका.

आपली,
एक नियमित वाचक
रॉयल ओक, मिशिगन
(नाव प्रसिद्ध करू नये.)